चार आशांतली थोरली

माझी नात इथे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत काम करते. परवा संध्याकाळी ती घरी आली ती हसतच. ऑफिसात एक नवी मुलगी लागली आहे, टांझानियाची, आणि तिचं नाव आशा. "नानी, शी इज आफ्रिकन अँड हर नेम इज आशा. लाइक समबडी फ्रॉम दादर." मीही हसेन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "तिकडे गल्लोगल्ली आशा असतात. आपल्या आयशाचंच तिकडे आशा होतं. मलाही एके काळी सगळे आशाच म्हणायचे."

"हू कॉल्ड यू दॅट?" तिनं विचारलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. त्यामुळे तिला सांगायचं राहिलं, ते इथे लिहून ठेवते.

मला त्या नावानं पहिल्यांदा हाक मारली आमच्या शेजारच्या आशाबीबीनं. चौसष्ट साली लग्न होऊन मी दुबईत आले, खाडीच्या देरा बाजूला. माझा नवरा इब्राहिम एका हिंदी व्यापाऱ्याच्या गोदामावर मुकादम होता. आमचं गाव दाभोळच्या खाडीवरचं. त्या काळी आमच्याकडचे पुरुष एकटेच इकडे यायचे, बायका गावी राहायच्या. सासू वारल्यामुळे गावचं घर बंद पडलं होतं, म्हणून मला आणलं. वाळूच्या गल्लीत एका जुन्या घराच्या आवारात आमची खोली होती. पाणी गाढवावरून डब्यांत यायचं, आणि वीज गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती, आत यायची होती.

मी येऊन आठवडाही झाला नव्हता. इब्राहिमनं बाहेरून हाक दिली, "आयशा." मी ओ देण्याआधीच भिंतीपलीकडून जाड, ठाम आवाज आला, "अबे." इब्राहिम चपापला. बायकांच्या तोंडी 'अबे' ऐकायची त्याला सवय नव्हती. मग भिंतीवरून एक डोकं वर आलं. उंच, काळीसावळी बाई, पन्नाशीची. समोरच्या दातांत फट. ती त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच का आशा? मीही आशा. म्हणजे तू माझी सोमो."

तिच्या स्वाहिली भाषेत बाईनं हाकेला ओ द्यायचा शब्द 'अबे', आणि आपल्या नावाचं दुसरं माणूस म्हणजे 'सोमो'. झांझिबारच्या बाजारात कच्छी दुकानदारांच्या शेजारी वाढल्यामुळे तिला एक मोडकं हिंदुस्तानी येई. त्यात अरबी आणि स्वाहिली कालवलेली असे. मी ते इथे आपल्या भाषेत लिहिते आहे.

सोमो हे तिच्या लेखी नुसतं नाव नव्हतं. त्यात हक्क होता. आमच्या गल्लीत झांझिबारहून आलेल्या आणखी दोन आशा होत्या. एक भाकरीवाली आशा, तांदळाच्या पिठाची जाड गोड भाकरी करून विकणारी, मोठ्या आवाजाची आणि चटकन रागावणारी. दुसरी धाकटी आशा, माझ्याच वयाची, कडेवर तान्हं मूल. तिघी एकाच वर्षी, वेगवेगळ्या गलबतांनी जीव घेऊन आलेल्या. मी चौथी. कुणाला ताप आला की उरलेल्या तिघींनी आधी तिच्याकडे अन्न न्यायचं, मग आपल्या घरी शिजवायचं, हा आशाबीबीचा नियम. माझं पहिलं बाळंतपण तिनंच केलं. मी ओरडायला लागले तेव्हा माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "ओरड, पण दाराकडे बघून ओरड. दाराकडे पाठ कधी करायची नाही."

ती स्वतः कधीच दाराकडे पाठ करून बसत नसे. जेवताना, कपडे शिवताना, नमाज सोडला तर कुठेही. तिच्या अंगावरच्या लेसोच्या, म्हणजे गुंडाळून घ्यायच्या छापील कापडाच्या, काठाला स्वाहिलीत काहीतरी छापलेलं असायचं. ते वाक्य ती आत दुमडून ठेवी. तिकडच्या बायका मुद्दाम शेजारणीला वाचता यावं म्हणून ते बाहेर ठेवतात, असं धाकटी आशा सांगे. आशाबीबी म्हणे, "माझ्या कपड्यानं माझ्याबद्दल बोलू नये."

आणि काही विचारलं तर तिच्या उत्तरात 'नाही' हा शब्द नसे. त्याच्या जागी 'बाडो'. बाडो म्हणजे अजून नाही. जेवलात का? बाडो. ऊन उतरलं का? बाडो. तिचा नवरा फार पूर्वी आजारानं गेला होता. एकुलता मुलगा सालिम तिकडेच राहिला होता. बंदरावर कारकून, वीस-एकवीस वर्षांचा. गल्लीतल्या एका बाईनं एकदा फटकन विचारलं, "तुमचा मुलगा गेला का हो त्या दंग्यात?" आशाबीबी सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाडो."

मी आले त्याच वर्षी जानेवारीत झांझिबारमध्ये राज्य उलथलं होतं. अरब म्हणून माणसं मारली, घरं लुटली. आशाबीबीचे आजोबा ओमानचे अरब, आजी मुख्य भूमीवरची आफ्रिकन. ती म्हणे, "मला मारायला आले ते माझ्या आजीच्या रंगाचे होते. मला लपवलं तेही माझ्या आजीच्याच रंगाचे." यापलीकडे ती त्या दिवसांबद्दल क्वचित बोले. पण एक गोष्ट तिनं मला सांगितली होती. "आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पोरं खेळत नव्हती. मला ते दिसलं होतं. तरी मी भात लावला."

त्यामुळे तिचा कान सतत गल्लीकडे असे. आवाज वाढला तर तिला काही वाटत नसे. आवाज थांबला की ती उठून उभी राही. पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी पाण्याचं गाढव आलं नाही, पोरं बाहेर नव्हती, वारा पडला होता. आशाबीबी तांब्याची परात बडवत गल्लीभर फिरली आणि सगळ्यांना मुलाबाळांसकट बाहेर काढलं. आम्ही भर उन्हात खाडीच्या काठावर उभ्या राहिलो. काहीच झालं नाही. पाणीवाल्याचं गाढव लंगडत होतं, एवढंच. भाकरीवाल्या आशेच्या भाकऱ्या जळून गेल्या होत्या. ती गल्लीत उभी राहून ओरडली, "हिला वेड लागलंय. ही आपल्या सगळ्यांना वेड लावणार."

आशाबीबी शांतपणे म्हणाली, "चुकले. चुकले ते बरं झालं." पण त्या दिवसापासून लोक तिला जरा हसायला लागले. मी हसले नाही. परात बडवताना तिचा चेहरा मी जवळून पाहिला होता.

ईदला मी पुलाव केला आणि तिला जेवायला बोलावलं. पहिला घास तोंडाजवळ नेऊन ती थांबली. घास ताटात ठेवला, हात धुतला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. मी घाबरून मागोमाग गेले. म्हटलं, "काय चुकलं?" तिनं लेसोचं टोक नाकाला लावलं. मग म्हणाली, "लवंग आहे त्यात. आम्ही लवंगांच्या गोणींखाली लपलो होतो. बाहेरचं सगळं त्या वासात ऐकलंय मी. तो वास आला की मला पुन्हा ऐकू येतं." तेव्हापासून मी लवंग घरात आणणं सोडलं ते सोडलंच. नात जेवताना म्हणते, "नानी, समथिंग इज मिसिंग." मी तिच्या ताटात आणखी भात वाढते.

दुसऱ्या वर्षी वारे फिरले आणि आफ्रिकेकडे गेलेली गलबतं परतायला लागली. एका सकाळी इब्राहिम कामाच्या वेळात घरी आला. गोदामाजवळ नारळाच्या गोणी उतरवताना एका खलाशानं त्याला निरोप दिला होता. "देऱ्यात झांझिबारची आशा राहते ना, तिला सांगा, तिचा माणूस मागच्या गलबतात आहे. मोंबासाहून निघालाय."

"कुठली आशा? कुणाचा माणूस?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. तो म्हणाला, मला आशा एवढंच सांगितलंय. तिकडे भीतीनं कुणी पूर्ण नाव उघड घेत नाहीत म्हणे. त्याचं गलबत त्याच भरतीला बसऱ्याकडे निघूनही गेलं."

मी तिघींना आमच्या आवारात बोलावलं आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. धाकट्या आशेचा नवरा सईद याला घरातून धरून नेलं होतं, तो जिवंत आहे की नाही तिला ठाऊक नव्हतं. भाकरीवाल्या आशेचा भाऊ बेपत्ता होता. तिघींचं कुणी ना कुणी तिकडे होतं, आणि येणार होता एक.

धाकटी आशा रडायला लागली. भाकरीवाली म्हणाली, "माझा भाऊ पोहणारा आहे. तोच सुटला असणार."

आशाबीबी म्हणाली, "तो सालिम आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"तो माझा आहे. तुम्ही दोघी वाट बघू नका."

भाकरीवाली ताडकन उठली. "बघायचीही नाही? ती वाटसुद्धा तुझीच?" त्यानंतर ती आशाबीबीशी बोलेनाशी झाली. मलाही त्या वेळी आशाबीबी कठोर वाटली. तिनं खोली धुऊन काढली, नवी गादी भरून घेतली, हाताला मेंदी लावली. पण मेंदी सुकत असताना ती जशी बसली होती, तसं मुलाची वाट बघणारी आई बसत नाही. ओठ घट्ट मिटलेले, डोळे जमिनीकडे. मी विचारलं, "खरंच सालिमच आहे असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली, "त्या धाकट्या पोरीनं वाट बघितली आणि तो तिचा निघाला नाही, तर ती खाडीत जीव देईल. मी देणार नाही. म्हणून तो माझा."

गलबत आलं नाही. मग शमालचा, उत्तरेकडून वाळू आणणारा वारा सुटला. दारं लावूनही भातात वाळू यायची. त्या गलबताच्या मागून निघालेली गलबतं पुढे येऊन लागली, पण हे येईना. मस्कतजवळ एक तारू बुडालं अशी बातमी उठली, मग ती खोटी निघाली, मग पुन्हा उठली. धाकटी आशा अंगावरच्या मुलाला पाजायची विसरायला लागली. आशाबीबीनं मूल आपल्याकडे घेतलं आणि दिवसभर तिला समोर बसवून ठेवायला लागली.

शेवटी एका दुपारी इब्राहिमनं पोरगा पाठवला, गलबत खाडीच्या तोंडाशी दिसतंय. आम्ही सगळ्या धक्क्यावर गेलो. भाकरीवालीही आली, जरा लांब उभी राहिली. मीठ चढलेली, काळवंडलेली माणसं एकेक करून उतरत होती. त्यांच्यात एक अगदी बारीक झालेला तरुण होता, डोकं भादरलेला. धाकट्या आशेनं त्याला आधी ओळखलंच नाही. मग ओळख पटली. तिनं नुसतं मूल वर उचलून धरलं.

तो सईद होता. बायको समोर, तिच्या हातात त्यानं नीट न पाहिलेलं मूल, आणि त्याची नजर मात्र आमच्यावरून फिरत होती. कुणाला तरी शोधत होती. आशाबीबीवर येऊन ती थांबली.

आशाबीबीनं ते पाहिलं. मी तिच्या शेजारीच होते. तिचा श्वास मला ऐकू आला. सईद बायकोला ओलांडून दोन पावलं तिच्याकडे आला, काही बोलायला तोंड उघडलं, आणि आशाबीबीनं मेंदी पुसट झालेला हात पुढे करून त्याच्या तोंडावर ठेवला.

"तुझी बायको तिथे उभी आहे," ती म्हणाली. "आधी तिच्याशी बोल." आणि वळून घरी चालती झाली.

दुसऱ्या दिवशी धाकट्या आशेनं मला सांगितलं. सईद आणि सालिम एकाच कोठडीत होते. सालिमला ताप होता. एका पहाटे शिपायांनी त्याला उठवून नेलं. थोड्या वेळानं सईदनं गजांतून त्याला ट्रकमध्ये टाकताना पाहिलं. पाय लोंबत होते. पुढे सईदला सोडलं तेव्हा त्यानं ठरवलं होतं, आधी सालिमच्या आईला गाठायचं.

त्यानंतरचे महिने गल्लीनं कसे काढले ते नीट सांगता येत नाही. सगळ्यांना ठाऊक होतं आणि जिला ठाऊक असायला हवं तिला कुणी सांगू शकत नव्हतं. सईद समोरून आला की आशाबीबी आत जाई. त्यानं दार वाजवलं की आतून भांडी घासायचा आवाज मोठा होई. मशिदीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाला त्यानं मध्ये घातलं, तर तिनं त्याला चहा पाजला, त्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि तो तोंड उघडणार तेवढ्यात नमाजाला उभी राहिली. दर जुम्म्याला मात्र नारळाच्या दुधातली मासळी करून माझ्या हाती सईदकडे पाठवी. "खा म्हणावं," ती सांगे. "बोलू नको म्हणावं."

सईद ते खाई आणि पुष्कळदा बाहेर जाऊन ओकून टाकी. एकदा आमच्या ओट्यावर बसून तो इब्राहिमला म्हणाला, "इब्राहिमभाई, तिचा मुलगा माझ्या तोंडात आहे. गिळताही येत नाही, बाहेरही टाकता येत नाही." इब्राहिमनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मला वाटायचं, आशाबीबीला खरोखर कळलं नसेल. कधी वाटायचं, तिचा ताबा सुटतो आहे. तिचं गल्लीकडे कान देणं थांबलं होतं. पोरं खेळत असोत नसोत, ती उठत नसे. हे मला परात बडवण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटलं.

थंडीच्या तोंडाला गलबतं पुन्हा आफ्रिकेकडे निघायची तयारी करायला लागली. एका सकाळी ती भिंतीवरून म्हणाली, "सोमो, मी जाते."

"कुठे?"

"मोंबासा. तिथून पुढे."

पुढे म्हणजे झांझिबारला, ते मला कळलं. तिकडून आलेले लोक सांगत, पळून गेलेल्याला परत उतरू देत नाहीत, आणि उतरू दिलं तर पुन्हा निघू देत नाहीत. मी हातातलं काम टाकून धाकट्या आशेकडे धावले. आम्ही दोघींनी सईदला धरलं. मी म्हटलं, "आता तरी सांग. मुलगा जिवंत आहे समजून ती मरायला चालली आहे."

निघायच्या दिवशी तिनं नवी गादी भाकरीवाल्या आशेच्या दारात नेऊन ठेवली. म्हणाली, "तुझा भाऊ येईल तेव्हा लागेल." भाकरीवाली तिच्या गळ्यात पडली. मग आम्ही सगळ्या तिच्याबरोबर धक्क्यावर गेलो. सईद आधीच येऊन उभा होता. या वेळी तो बाजूला झाला नाही.

"बीबी, आज तुम्हाला ऐकावं लागेल," तो म्हणाला.

आशाबीबीनं बोचकं खाली ठेवलं. "तू काय सांगणार ते मला तू उतरलास तेव्हाच कळलं. तुझ्या तोंडून ऐकलं असतं तर मला रडावं लागलं असतं, लोक बसायला आले असते, मग सगळं संपलं असतं. मला एवढंच सांग, त्याला कुठे पुरलं?"

सईदची मान खाली गेली. "ठाऊक नाही. ट्रक शहराबाहेरच्या रस्त्याला लागला, एवढंच पाहिलं."

"मग तुझी बातमी अर्धीच आहे," ती म्हणाली. "उरलेली मी आणते."

"तिथे कुणी सांगणार नाही तुम्हाला. विचारलंत तर तुम्हालाही नेतील."

"सांगेल कुणीतरी. खड्डा खणणाऱ्यालाही आई असते." मग तिनं त्याच्या गालाला हात लावला आणि पहिल्यांदाच त्याच्याशी मऊ आवाजात बोलली, "आता तू नीट जेवत जा. तुझं काम झालं."

त्याच जागी सईद खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. त्याच्या बायकोनं त्याला उठवायचा प्रयत्न केला नाही, तीही शेजारी बसली.

पुढच्या वर्षी गलबतं आली तेव्हा आम्ही प्रत्येक खलाशाला विचारलं. एकानं सांगितलं, ती मोंबासाला उतरली. दुसऱ्यानं ऐकलं होतं की एका लहान मचव्यातून ती बेटाकडे गेली, मचव्यावर नारळ भरलेले होते. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. भाकरीवाल्या आशेचा भाऊही कधी आला नाही. सईद आणि धाकटी आशा काही वर्षांनी अबुधाबीला गेले. तिथे त्याला तेलकंपनीत काम मिळालं. मुलगी झाली तिचं नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नको.

मला आठवतं ते गलबत सुटतानाचं. लाँचनं त्याला खाडीतून ओढत न्यायला सुरुवात केली तेव्हा आम्ही तिघींनी एकदम हाक मारली, "आशाबीबी." इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. ती मागच्या बाजूला, लिंबांच्या टोपल्यांजवळ उभी राहून भंडाऱ्याशी, गलबतावरच्या स्वयंपाक्याशी, वाद घालत होती. बसायला दिलेली जागा तिला पसंत नव्हती. तो हात हलवून नको म्हणत होता, तिनं स्वतःच दोन टोपल्या ओढून बाजूला केल्या, चटई पसरली आणि बसली. भंडारी डोकं खाजवत तिच्यापुढे उभा राहिला. मग गलबत वळणाआड गेलं.